अनुभव धागा: आफ्रिकेतल्या गावात हात मळवलेत का कुणी?

घाटावरची
कपाट आवरताना येलो फिव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड सापडलं आणि आवरणं तिथंच राहिलं. 2015 ला नवऱ्याची बदली नैरोबीला होती. ओळखीतून आठवडाभर वोईजवळ सगाला टेकड्यांच्या पायथ्याला गेले, मधमाश्यांचं कुंपण बघायला. बघायला कसलं, दुसऱ्या दिवशी हातात पक्कड!

शेजारच्या त्सावो राष्ट्रीय उद्यानातले हत्ती रात्री मक्यात शिरतात. म्हणून शेताभोवती दर दहा मीटरवर एक पेटी टांगायची, एक खरी, एक खोटी, आणि सगळ्या एकाच तारेने जोडायच्या. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या उठतात. कातडी कितीही जाड असो, सोंडेच्या आत डंख बसला की गडी पळतो. मी तार इतकी ताणून बांधली की पेटी हलेचना. शेतमालक आजोबांनी न बोलता ती सोडली, पेटीला पाळण्यासारखा झोका दिला आणि म्हणाले, "पोले पोले." सावकाश गं बाई.

रात्रभर जागले, हत्ती आला नाही. सकाळी शेजारच्या शेतात ताजी लीद.

तुम्हीही लिहा. सफारीतले सिंह नकोत, ते फेसबुकवर बघून झालेत.

मीठमिरची
मस्त गं! आमचं केनियातच, न्येरीजवळ. तिथल्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंनी 1977 ला जे झाडांचं काम सुरू केलं, तसाच तिथल्या बायकांचा एक गट. मी उत्साहात चाळीस रोपं लावली. प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. एक मावशी मागून येऊन एकेक उपटत होत्या, मला वाटलं तण काढतायत.

रानवारा
खिक्क! पिशव्यांसकट 😂

उंबरठा
मला "सा म्बिली" ला शेतावर बोलावलं. स्वाहिलीत म्बिली म्हणजे दोन, एवढं शिकलो होतो. जेवून आरामात दोनला गेलो तर सगळे काम संपवून घरी. त्यांचं घड्याळ उजाडल्यापासून मोजतं, आपले सात म्हणजे त्यांचा एक. मला आठला बोलावलं होतं.

मीठमिरची
म्हणजे आपल्या पहिल्या प्रहरासारखंच की.

बारा_गावचं_पाणी
मालावी, सरोवराकाठी. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पैसे भरपूर घेतले. काम काय, तर शाळेची भिंत रंगवा. खरवडली तर पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा. आमच्याआधी दोन तुकड्या येऊन गेल्या होत्या.

शाळेमागचा हापसा मात्र बंद. मी मराठवाड्यातला, हापसा बंद दिसला की हात शिवशिवतात. दांडा मारून बघितला, हवा ओढत होता, म्हणजे वायसर गेलेलं. मोठ्या रुबाबात सांगितलं, मी उघडतो. गावच्या पाणी समितीतल्या दोघी हसल्या. तिकडे आफ्रिदेव पंप, तो गावानेच दुरुस्त करावा म्हणूनच तसा बनवलेला. एकीच्या पाठीवर बाळ बांधलेलं. एका पान्यावर तिने डोकं उघडलं, सळया ओढून बाहेर ठेवल्या. वायसर पार झिजलेलं. अडलं होतं फक्त नव्या वायसरच्या पैशांवर आणि ते आणायला बाजाराच्या गावी जाण्यावर. मी सायकलवर जाऊन आणलं. दोन आठवड्यांत माझा उपयोग तेवढाच.

रानवारा
भिंतीला तिसरा हात दिलात की नाही? 😁

बारा_गावचं_पाणी
दिला ना. पिवळाच.

कांदेपोहे_वीथ_चहा
विषयांतर, पण शाकाहारी लोकांनी खाल्लं काय? लेक जायचं म्हणतेय.

घाटावरची
उगाली आणि सुकुमा. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, सुकुमा ही पालेभाजी. आणि न्देंगू! आपले मूगच गं. सोबत चपाती, तिलाही चपातीच म्हणतात. मी मेतकूट नेलं होतं, आजोबांनी हुंगून परत दिलं.

माणदेशी
ऑफिसात आहे, थोडक्यात. केनियातल्याच काजियाडोत मसाई बायकांबरोबर अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे खणले. उताराला आडवे, पोट वरच्या बाजूला उघडं, पाऊस आला की पाणी त्यात थांबतं आणि गवत धरतं. माणमध्ये श्रमदानात समतल चर खणलेला, त्यामुळे मी जरा तोऱ्यात. तिथली माती वाळून अशी टणक की कुदळ टणकन वर आली. शेजारची आजी "पोले" म्हणाली. मला वाटलं सावकाश म्हणतेय, म्हणून हळू खणायला लागलो. नुसतं पोले म्हणजे "अरेरे, लागलं का" असतं म्हणे. दिवसभर कीव करत होती!

घाटावरची
😂😂 आणि दोनदा म्हटलं की सावकाश. मला तरी दोनदाच म्हणाले होते.

कांदेपोहे_वीथ_चहा
थॅंक्स. अजून एक, लेकीची येलो फिव्हरची लस 2014 ची आहे, नवऱ्याच्या पोस्टिंगच्या वेळची. कार्डावर दहा वर्षं लिहिलंय. परत घ्यायची का?

उंबरठा
नको. 2016 पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं, जुनंही. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी मात्र प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यायची. आणि येतानाही हाताशी ठेवा, भारतात उतरल्यावर विमानतळावर बघतात.

घाटावरची
अय्या, मग माझं फाडायला नको! कचऱ्याच्या डब्यातून काढून आणते थांबा.