कॅमेरा हातात घ्यावासाच वाटंना झालंय, हंपीच्या वर्कशॉपला पैसे घालू का?

वडगावचा_फोटोवाला
नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या वडगावचा, वय 24. चार वर्षं झाली लग्नाच्या ऑर्डरी घेतोय, आधी एका दादांच्या हाताखाली लाईट धरायचो, आता स्वतःचं बघतो. यंदाच्या सीझनला 31 लग्नं झाली, खानापूर, नंदगड, चंदगड, गडहिंग्लज, कुठं कुठं फिरलो. पैसे बरे सुटले, त्याबद्दल तक्रार न्हाई. पण शेवटच्या लग्नात अक्षता पडायला लागल्या आणि मी शटर दाबायचंच विसरलो, नुसता बघत उभा राहिलो. असिस्टंट पोरानं काढला म्हणून वाचलो. घरी येऊन कार्ड उघडलं तर गेल्या वर्षीचं लग्न कुठलं आणि ह्या वर्षीचं कुठलं ते मलाच कळंना. तेच हार, तीच मेंदी, तेच 'जरा हिकडं बघा'.

आता ऑगस्टमध्ये हंपीला तीन दिवसांचं फोटोग्राफी वर्कशॉप हाय, फी 9 हजार, जाणं-राहणं वेगळं. आई म्हणते, फोटो काढायला शिकायला पैसे भरायचे तर एवढी वर्षं काय काढत होतास. उत्तर सुचलं न्हाई. कोण असल्या वर्कशॉपला जाऊन आलंय का? खरं सांगा, उपयोग होतो की नुसतं फिरणं?

पिक्सेल_पैलवान
भावा वर्कशॉप सोड, त्यात अजून थोडे घालून कॅमेऱ्याची बॉडी अपग्रेड कर. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरवाला घेतलास की आपोआप मूड येतोय बघ.

निपाणीकर_काका
पैलवान, तुझा मूड दर सहा महिन्याला नवीन बॉडी मागतो हे इथं सगळ्यांना माहीत आहे, पोराला त्यात ओढू नको.

बाळा, मी फिल्म रोलच्या काळातला माणूस. एका रोलमध्ये 36 फोटो, लग्नाला पाच-सहा रोल, आणि धुऊन येईपर्यंत पोटात गोळा, कारण रोल गेला तर लग्न काय परत लावता येत नाही. त्यामुळं बटण दाबायच्या आधी माणूस बघायचा. तू एका लग्नात तीन-चार हजार क्लिक मारत असशील, मग डोकं बधिर होणार नाही तर काय?

पैसे भरायच्या आधी त्यांना दोन गोष्टी विचार. एका शिकवणाऱ्यामागं किती जण, आणि तो तुझे आधीचे फोटो बसून बघणार का. 30 जण असतील तर ती सहल समज. आणि जाहिरातीत देवळापुढं मॉडेल उभी करून धूर सोडलेला दिसला तर अजिबात जाऊ नको, ते पण प्रीवेडिंगच, फक्त नवरा नाही.

टिळकवाडीची_आक्का
मी काही फोटोग्राफर नाही, शाळेत चित्रकला शिकवते, मोबाईलवर काढते तेवढंच. पण 9 हजार घालायच्या आधी एक विचारू का? बेळगावच्या किल्ल्यातलं जैन देऊळ, कमल बस्ती, शेवटचं कधी बघितलंस? रट्ट राजांच्या काळातलं, 1204 चं, छताला दगडाचं कमळ उलटं लोंबतंय. सकाळी पोरांना घेऊन जाते तेव्हा दारातनं येणारा उजेड फरशीवर पडून खालनं त्या पाकळ्यांवर चढतो, पोरं आपोआप गप्प होतात. हलशीला कदंब राजांचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, तेही आपल्याच जिल्ह्यात, खानापूरच्या ऑर्डरीला जाताना वाट वाकडी केली की झालं. ह्याला 9 हजार लागत नाहीत, पेट्रोल लागतं.

लोंढा_पॅसेंजर
आक्का राग मानू नका पण 'आधी घरचं बघ' हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. मी पण ऐकलं होतं आणि राजहंसगडावर चार वेळा गेलो, चार वेळा तोच फोटो घेऊन आलो. रोजच्या रस्त्यावर डोळे झोपलेलेच असतात हो. अनोळखी गावात भाषा, वास, उजेड सगळं वेगळं, तिथं ते आपोआप उघडतात. जा रे तू. हरिप्रिया एक्सप्रेसनं थेट हंपीजवळचं होस्पेट गाठता येतं. ऑगस्टमध्ये हिकडं कॅमेऱ्याची पिशवी उघडायची सोय नसती, तिकडं पाऊस कमी. आणि हो, देवळांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, उगाच ओझं नेऊ नको. आल्यावर लेन्स सिलिका जेल घालून डब्यात ठेव, माझ्या एका लेन्सला ह्याच पावसात बुरशी लागलेली.

वडगावचा_फोटोवाला
काका, विचारलं. दहा जण घेणार म्हणाले आणि प्रत्येकानं आपले 20 प्रिंट घेऊनच यायचे म्हणाले. धूर न्हाई. पैसे भरले. आईला अजून सांगितलं न्हाई.

वडगावचा_फोटोवाला
(तीन आठवड्यांनी) आलो मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर काळी टेप चिकटवली आणि म्हणाले दिवसाला 36 फोटो. काका, तुमचीच आठवण झाली. मी दुपारी बाराच्या आत 36 संपवून झाडाखाली बसलो, बाकीचे फिरतायत आणि मी बघतोय. बोटीच्या घाटावर एक म्हातारा त्याच्या गोल टोपलीच्या होडीतलं पाणी डब्यानं उपसून टाकत होता, अर्धा तास तेच. एवढं निवांत कुणाला काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी सहा फोटो राखून ठेवले.

मग विरूपाक्ष मंदिर. गाभाऱ्याच्या मागं एक अंधारी खोली हाय, भिंतीत बारीक झरोका, आणि त्यातनं येणाऱ्या उजेडानं राजगोपुराची सावली समोरच्या भिंतीवर उलटी पडते. शेंडा खाली, पाया वर. सरांनी पांढरा कागद धरायला लावला. झरोक्याजवळ नेला की गोपुर लहान आणि उजळ, लांब नेला की मोठं आणि फिक्कं. चार वर्षं एफ नंबर (लेन्सच्या भोकाचं माप) फिरवतोय पण भोक, अंधार आणि कागद एवढ्यावर फोटो होतो हे हातानं पहिल्यांदा बघितलं. त्या खोलीत कॅमेरा काढायचं सुचलंच न्हाई, तिथंही विसरलो, पण ह्या वेळी वाईट वाटलं न्हाई.

आणि मेन गोष्ट. शेवटच्या रात्री सरांनी माझे 20 प्रिंट खाटेवर मांडले आणि एक शब्द न बोलता ज्यात माणूस कॅमेऱ्याकडं बघतोय ते सगळे पालथे घातले. एकच उरला. कडोलीच्या लग्नातला आचारी, मांडवामागं तांदळाच्या पोत्यावर डोकं ठेवून झोपलेला, हातात झारा तसाच. तो फोटो मी पार्टीला दिलाच नव्हता, 20 ची संख्या भरायला म्हणून घातलेला. सर एवढंच म्हणाले, हा कोणी काढला?

आल्यापासून घरात मागच्या खोलीत बसतोय. तिथं बाबांचा माग हाय, आजोबांपासनं साड्या विणतोय आम्ही, आई सुताच्या कांड्या भरते. ह्या मागाचा माझ्याकडं एक पण फोटो न्हाई, खोटं वाटंल पण न्हाई. चार दिवस काढतोय. बाबा म्हणतात एवढे फोटो काढायला मागाचं लग्न हाय काय. पण एक घोळ होतोय, धोटा (आडवं सूत घेऊन पळतो तो) धावताना धरावा म्हणून शटर 500 वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला काय?

लोंढा_पॅसेंजर
कॅमेरा ठणठणीत आहे, ट्यूबलाईटचा प्रताप. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर 50 नायतर 100 वर आण, पट्टे जातील. धोटा हलून पुसट येईल पण येऊ दे, तो पळतोय हे कळायला नको का? अगदीच थांबवायचा असेल तर दिवसा ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात काढ.

पिक्सेल_पैलवान
नवीन बॉडीत असले पट्टे टाळायला अँटी फ्लिकर येतंय, मी आपलं सांगून ठेवतो.

टिळकवाडीची_आक्का
लोंढाकर जिंकले, मी हरले, मान्य. पण बघ, फिरून फिरून आलास कुठं, मागच्या खोलीतच! आईचे कांड्या भरतानाचे हात काढलेस का? आणि 9 हजाराचं सांगितलंस का तिला?

वडगावचा_फोटोवाला
हात काढले आक्का. पैशाचं पण सांगितलं, दोन दिवस बोलली न्हाई, मग हातांचा फोटो बघून म्हणाली नखं कापलेली नव्हती, उद्या परत काढ.

निपाणीकर_काका
त्या आचाऱ्याला फोटो दिलास का?

वडगावचा_फोटोवाला
न्हाई काका, अजून न्हाई. मांडववाल्याकडनं नंबर घेतलाय, रविवारी कडोलीला जाऊन देतो. 12 बाय 18 काढू का?

निपाणीकर_काका
8 बाय 12 काढ. आणि दोन काढ, एक तो गावाकडं पाठवेल.