ए विंगच्या खिडक्या आणि काळी धूळ

[७:५२] मृणाल ए-१०३: नमस्कार. फोटो माझ्या बेडरूमच्या खिडकीच्या कट्ट्याचा आहे. परवा रात्री ओल्या फडक्यानं पुसला होता, आज कापसाचा बोळा फिरवला तर हे असं. भुरकट माती नाहीये ही. काळी, तेलकट, साबणाशिवाय बोटावरून निघत नाही. ओवीच्या खोकल्याचा तिसरा आठवडा. रस्त्याकडेचं कडू मेंदीचं कुंपण पार्किंगसाठी काढलं, तेव्हाच मी बोलले होते.

[७:५८] भोसले सी-७०१: सी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी? कोटेशन ऑगस्टमध्येच आलंय.

[८:०१] जोशी काका बी-३०४: आमच्याकडे काही धूळ नाही हो. सकाळी ६ ला सगळ्या खिडक्या उघडतो.

[८:०३] मृणाल ए-१०३: काका, तुमची विंग मागे, कॅनॉलच्या बाजूला. आम्ही सिंहगड रोडच्या तोंडावर.

[८:०४] पाटील ए-५०२: हवा सगळ्यांचीच असते 🙂 हवेची प्रत सांगणाऱ्या सरकारी समीर अ‍ॅपवर आज ‘समाधानकारक’ आहे.

[८:१२] मृणाल ए-१०३: तो आकडा २४ तासांची सरासरी असते आणि यंत्र काही आपल्या खिडकीत नाही. ‘समाधानकारक’ म्हणजे पीएम २.५, हवेतले अगदी बारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिवसाची मर्यादा १५ केली. केसाच्या तिसाव्या भागाएवढे कण, डासांच्या जाळीला काय जुमानणार? नुसता धूरही नाही त्यात. ब्रेक आणि टायरची झीज, रस्त्यावरची तीच माती दिवसभर उडते. परवा पडदे भिजवले तर बादलीत कोरा चहा झाल्यासारखं पाणी.

[८:१३] अभिजित बी-१०२: आलं घातलं होतं का 😄

[८:१४] शिंदे काकू ए-२०१: अभिजित, लेकरू आजारी आहे. मृणाल, स्नेक प्लांट ठेव गं, हवा शुद्ध होते. नासानं सांगितलंय.

[८:१७] मृणाल ए-१०३: काकू, नासाचा तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीत केलेला. घरात तेवढा फरक पडायला जंगलच लावावं लागेल. आणि रागावू नका, पण जिन्यात संध्याकाळचा धूप जरा कमी करा.

[८:१८] शिंदे काकू ए-२०१: धुपानं कधी कोणाला काही झालं नाही.

[८:२०] भोसले सी-७०१: सी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी?

[८:२१] सेक्रेटरी: कुंपणाचा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमतानं झाला. मृणालताई, तुमचीही सही आहे.

[८:२२] मृणाल ए-१०३: ती हजेरीची सही!

[८:२५] पाटील ए-५०२: खिडक्या बंद ठेवा ना मग. एसी लावा.

[८:३३] मृणाल ए-१०३: एसी घरातलीच हवा फिरवतो, त्याची जाळी हे बारीक कण धरत नाही. हेपावाला, म्हणजे बारीक गाळणीचा, प्युरिफायर कण धरतो, वाहनांचा नायट्रोजन डायऑक्साइड मात्र नाही, त्याला कार्बनचा थर लागतो. सगळंच बंद केलं तर फोडणीचा धूर घरातच कोंडतो. एक्झॉस्ट लावला आणि रस्त्याची खिडकी उघडी असली तर तो रस्त्याचीच हवा आत ओढतो, म्हणून मी डक्टकडची उघडते. थंडीत सकाळी हवा जड, धूर खालीच बसतो. दुपारी ऊन तापलं की वर जातो, तेव्हा तासभर उघडते. केर झाडूनं नाही, ओल्या फडक्यानं. एवढं सगळं करते मी. आणि पाटीलसाहेब, तुमची डिझेल गाडी रोज माझ्या खिडकीखाली १० मिनिटं घुरघुरत उभी असते.

[८:३५] पाटील ए-५०२: इंजिन गरम व्हायला लागतं. हा पर्सनल विषय ग्रुपवर नको.

[८:३६] अभिजित बी-१०२: काका, हल्लीच्या इंजिनाला अर्धं मिनिट पुरतं. खरंच.

[८:४०] मृणाल ए-१०३: मला भांडायचं नाहीये. भिंतीलगतच्या दोन गाड्यांची जागा सोडा, रोपांचा खर्च मी करते. कुंपण जमिनीपासून दाट हवं, नुसतं उंच झाड नको, खोडाखालून धूर येतोच.

[८:४४] सेक्रेटरी: रविवारी १० वाजता मीटिंग घेतो. जागा कोण सोडणार, ते मात्र आधी ठरवून या.

[८:४५] भोसले सी-७०१: वॉटरप्रूफिंगचा विषयही घ्या.

[८:५२] पाटील ए-५०२: ठीक आहे. उद्यापासून गाडी सुरू केली की लगेच काढतो.

[८:५३] मृणाल ए-१०३: 🙏

[८:५८] जोशी काका बी-३०४: ओवीला दुपारी आमच्याकडे खेळायला पाठव. मागच्या बाल्कनीत रस्ता नाही. फक्त ४ नंतर, आधी आम्ही झोपतो.

[८:५९] मृणाल ए-१०३: हो काका, सव्वाचारला आणते.