बोलायला थांबणारं पाऊल

‘म्हातारपणी चाल मंदावते म्हणून माणसं पडतात’ असं म्हणतात, पण ते मला अर्धंच पटतं. मंद चालही एकसारखी असू शकते. धोका असतो तो पावलापावलाच्या वेळेतल्या चढउतारात. हाउसडॉर्फ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये छापलेल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ५२ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. पुढे जे पडले त्यांच्यात हा चढउतार सरासरी १०६ मिलिसेकंद होता, न पडलेल्यांत ४९. नुसत्या डोळ्यांना हे कळणं कठीणच.

पण घरच्या घरी दिसेल अशी एक खूण आहे. स्वीडनमधल्या १९९७ च्या अभ्यासात ५८ वृद्धांशी चालता चालता गप्पा मारल्या. बोलायला १२ जण थांबले, आणि त्यातले १० सहा महिन्यांत पडले. (न थांबणाऱ्यांतलेही काही पडलेच, तेव्हा ‘थांबत नाही म्हणजे ठीक’ असं समजू नका.) चालणं आपसूक होईनासं झालं की लक्ष दोन्हीकडे पुरत नाही. माझी आई फिरताना काही विचारलं की उभी राहायची. मला वाटायचं, आठवतेय. तीन महिन्यांनी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता तिच्याशी बोलायचं ते बाकावर बसल्यावरच.