ब्लॅकपूल साउथ: खासदार परत बोलावण्याचा हक्क नक्की कुणाचा?

किनारा:
इंग्लंडच्या ब्लॅकपूल साउथ मतदारसंघात 2019 ला हुजूर पक्षाचे स्कॉट बेंटन निवडून आले. 2023 मध्ये ‘द टाइम्स’च्या वार्ताहरांनी जुगार क्षेत्रातले गुंतवणूकदार असल्याची बतावणी केली, आणि पैशाच्या बदल्यात त्यांच्यासाठी मंत्र्यांकडे शब्द टाकायची बेंटन यांची तयारी छुप्या कॅमेऱ्यात टिपली गेली. संसदेने 35 दिवस निलंबित केलं. 12 मार्च 2024 ला रिकॉलसाठी, म्हणजे खासदाराला परत बोलावून जागा रिकामी करण्यासाठी, सह्या सुरू झाल्या, 25 मार्चला त्यांनी राजीनामा दिला.

म्हणजे चित्रफीत बाहेर आल्यापासून जवळजवळ वर्षभर मतदार हात बांधून बसले. 2015 चा कायदाच तसा आहे: आधी तुरुंगवासाची शिक्षा, खर्चाच्या खोट्या हिशेबाबद्दल दोषसिद्धी किंवा किमान 10 बैठकांचं निलंबन, मगच सहा आठवड्यांत 10% मतदारांच्या सह्या. कुलूप लोकांच्या नावाचं, किल्ली मात्र संसदेकडे. माझं म्हणणं साफ आहे: सुरुवात करायचा हक्कही मतदारालाच हवा.

अनघा:
अजिबात पटलं नाही. इथलं 2019 चं मताधिक्य होतं 3,690. हरलेल्या मजूर पक्षाला 12 हजारांवर मतं होती, आणि 10% म्हणजे सहा हजारांच्या आतच. दोष सिद्ध व्हायची अट काढलीत तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेला पक्ष सह्या गोळा करायला बसेल. मग कुठला खासदार अप्रिय पण योग्य मत देईल?

किनारा:
मग 20% करा, 25% करा. पण दार उघडं ठेवा.

प्रेस्टनकर:
दोघंही कायद्यावर भांडताय, मला त्या गावाबद्दल बोलायचंय. उन्हाळ्यात टॉवर आणि प्लेजर बीच या मनोरंजन उद्यानाला आलेले पाहुणे मागच्या गल्ल्यांत शिरत नाहीत. तिथली जुनी गेस्टहाउसं आता एकेका खोलीने भाड्याने जातात. 2019 च्या वंचितता निर्देशांकात इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ एकट्या ब्लॅकपूलच्या होत्या.

आणि जुगाराचंच म्हणाल तर हे गाव महाकॅसिनोवर आशा लावून बसलं होतं. 2007 मध्ये सल्लागार मंडळाने कौल मँचेस्टरला दिला, पुढे ती योजनाच गुंडाळली गेली. त्या गावाच्या खासदाराने जुगारवाल्यांसाठी स्वतःचं वजन विकायला काढावं, याचा मला आजही संताप येतो.

2 मे 2024 च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे ख्रिस वेब जिंकले. हुजूर पक्षाकडून मजूर पक्षाकडे 26 टक्क्यांहून जास्त झुकाव, रिफॉर्म पक्ष दुसऱ्या क्रमांकापासून फक्त 117 मतं मागे. सगळे यावरच बोलले. मला खुपतं ते 32.5% मतदान. तीनातले दोन जण घरीच राहिले, त्यांना रिकॉलची किल्ली देऊन काय होणार?

किनारा:
मी उलट म्हणेन. आपल्या हातात काही नाही असं वर्षभर दिसलं, की माणूस घरीच बसतो.

अनघा:
प्रेस्टनकर, गावाबद्दलचं मान्य. तरी अट राहूच दे, सुधारणा सह्यांच्या पद्धतीत करा. रिकॉलच्या कागदावर ‘नको’ म्हणायची सोयच नसते, त्यामुळे सह्यांच्या केंद्रावर कोण गेलं एवढं दिसलं तरी त्याचं मत कळतं. केंद्रं जास्तीत जास्त दहा. उत्तर आयर्लंडच्या नॉर्थ अँट्रिम मतदारसंघात 2018 च्या रिकॉलला तीनच उघडली होती, आणि सह्या 9.4% वर अडकल्या. दहाच्या दहा केंद्रं सक्तीची करा, तिथूनच सुरुवात होऊ दे.