गावाच्या इतिहासात ओव्यांचं काय काम?

मोडीवाचक (बीड)
ग्रामइतिहासाच्या पुस्तकांत हल्ली निम्मी पानं ओव्या नि दंतकथांची. माणसं कशी जगली हे बघायचं तर निजामकाळातलं पाहणीपत्रक, म्हणजे जमीन-पिकाची सालवार सरकारी नोंद, काढा. सर्व्हे नंबर, पट्टेदार (जमीन ज्याच्या नावावर तो), कब्जा कुणाचा, एकर-गुंठे, आकार (सारा), पीक. सलग दहा सालं शेजारी मांडा. जमीन कुणाच्या हातून कुणाकडे गेली ते दिसतं. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असतं; इसवी सनासाठी त्यात 590 मिळवायचे. पण वर्ष ऑक्टोबरात, आझुर महिन्यापासून सुरू होतं. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 पासूनचं वर्ष. सरसकट बेरीज करणाऱ्यांची 17 सप्टेंबर 1948 ची, हैदराबाद मुक्तीच्या दिवसाची नोंद 1947 मध्ये जाऊन बसते!

जात्यावरची (परभणी)
त्या पत्रकात सालगड्याची बायको दाखवा. जमीन नाही तर नोंद नाही. आणि पीक सालोसाल हुबेहूब तेच असेल तर पटवाऱ्याने मागचंच उतरवलंय असं समजा.

जात्यावरच्या ओवीलाही रीत आहे. बहुतेक दोन ओळी: पहिली गावोगाव ठरलेली, बाईचं स्वतःचं म्हणणं दुसरीत. सीतेचा वनवास गाता गाता ती सासरचा जाच सांगते, कारण सीतेच्या नावावर बोललं की घरात कुणी जाब विचारत नाही. म्हणून एका ओवीवर काही लिहू नका. एकाच विषयाच्या पंधरा-वीस, निदान तीन गावांतल्या घ्या आणि दुसरी ओळ कुठे बदलते ते बघा. बाईचं माहेर लिहाच. ओवी लग्नाबरोबर सासरी येते, आणि आपण ती सासरच्या गावाच्या नावावर चढवतो. छापताना बाईच्या 'लई'चं 'फार' करणाऱ्यांना तर हात जोडावेत.

मोडीवाचक (बीड)
यातून जाच कळतो, साल कळत नाही. तारखेशिवाय इतिहास कसला?

गोदाकाठ (पैठण)
मग लीळाचरित्रही, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा महानुभावांचा ग्रंथ, टाकून द्यायचं का? मूळ पोथी खालशाच्या धाडीत, म्हणजे सुलतानी फौजेच्या हल्ल्यात गेली, आजचा पाठ शिष्यांच्या पाठांतरातून पुन्हा उभा केलेला. तरी तेराव्या शतकातली माणसं काय खात, भिक्षेला कुठल्या दारी जात, कशावरून रुसत, हे त्यातच आहे. ताम्रपट दान कुणी कुणाला दिलं एवढं सांगून गप्प बसतो. शिवाय आठवणी जुळत नाहीत तिथे या परंपरेने 'वासना' म्हणून दुसरा पाठही जपला. आपल्या किती स्मरणिका एवढं करतात?

मोडीवाचक (बीड)
पाठभेद ठेवले हे मान्य. पण पाठांतरातून उभ्या केलेल्या मजकुरावर सनावळ्या बांधू नका. ओव्या परिशिष्टात छापा, माझी हरकत नाही.

जात्यावरची (परभणी)
मग पट्टेदारांच्या याद्याही परिशिष्टातच टाका. आणि मुख्य मजकुरात 1948 वर एक प्रकरण: कागद, ओव्या, म्हाताऱ्यांच्या मुलाखती एकाच पानावर, जिथे पटत नाही तिथे तसं लिहून.