कोळंबीची टरफलं, कायटोसान आणि झाडाला बुरशी कळते कशी?

गच्चीवाली, नेरुळ:
नमस्कार मंडळी. बाल्कनीत टोमॅटो, मिरची आणि काकडीचा वेल आहे. पावसाळ्यात पानांवर डाग दिसले की सासूबाई कोळंबीची टरफलं सुकवून, कुटून मातीत मिसळतात. त्या करावे गावच्या, त्यांच्या आईचीही हीच पद्धत. आता रोपवाटिकेवाला कायटोसानची बाटली घ्या म्हणतोय, तीही कोळंबीच्या टरफलांपासूनच बनते म्हणे, झाडाची प्रतिकारशक्ती वाढते म्हणे. पण झाडाला ना रक्त ना पांढऱ्या पेशी. बुरशी आली हे त्याला कळतं कुठून? आणि त्यात कोळंबीचा काय संबंध?

दिवेकर:
टरफलांत नत्र आणि कॅल्शियम असतं, खत म्हणून उत्तम. फक्त खोल पुरा, नाहीतर मांजरी कुंडी उकरतात. बाकीचं जाणकार सांगतील.

भातवाली, ठाणे:
ताई, कोळंबीच्या टरफलात आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेत एकच पदार्थ असतो, कायटिन. एन-असेटिल ग्लुकोसामाइन या साखरेची लांबच लांब साखळी. झाडाच्या अंगात ती कुठेच नसते, त्याची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची. त्यामुळे कायटिन सापडलं की कोणीतरी परकं आलंय, हे नक्की.

मी वनस्पती रोगशास्त्र शिकले आणि मुरबाडला आमचा भात असतो, म्हणून भाताचंच सांगते. झाड पेशीबाहेर कायटिनेज नावाचं एन्झाइम सोडतं. ते बुरशीची भित्ती कुरतडतं आणि सुटलेले तुकडे पेशीच्या पडद्यावरची प्रथिनं पकडतात. भातातलं असं प्रथिन, सीबिप, जपानी संशोधकांनी २००६ मध्ये शोधलं. त्याला पेशीच्या आत संदेश देणारा भाग नाही, तो निरोप आत न्यायला सर्क-१ नावाचं दुसरं प्रथिन लागतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती तुकड्याची लांबी. सात-आठ साखरांचा तुकडा असेल तर दोन सीबिप त्याला दोन बाजूंनी धरतात आणि पेशी खडबडून जागी होते. चार-पाच साखरांच्या तुकड्याला तेवढी दाद मिळत नाही. मुळांशी मैत्री करणाऱ्या मायकोरायझा बुरशी नेमके असेच आखूड तुकडे सोडतात, आणि भातात त्या मैत्रीलाही हेच सर्क-१ लागतं! शत्रू आणि सोबती, दोघांची वर्दी एकाच दारातून.

हे प्रयोगशाळेत बघता येतं. पानाच्या बारीक चकत्या ल्युमिनॉल (उजेड देणारं रसायन) आणि पेरॉक्सिडेज हे एन्झाइम घातलेल्या पाण्यात ठेवायच्या आणि त्यात कायटिनचे तुकडे सोडायचे. डोळ्यांना काही दिसत नाही, पण काही मिनिटांत यंत्रावर उजेडाचा आलेख उसळतो. पान हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतंय, त्याचा तो उजेड. पेशीत कॅल्शियम शिरतं, संरक्षणाची जनुकं सुरू होतात, भित्तीला आतून कॅलोज या चिवट साखरसाखळीचा थर बसतो.

भातावर करपा रोग आणणारी बुरशी मात्र महाबिलंदर. ती आपल्या भित्तीवर अल्फा-ग्लुकान या ग्लुकोजच्या साखळीचा थर चढवते, तो भाताला पचवता येत नाही. शिवाय सुटलेले तुकडे सीबिपच्या आधी गिळायला एसएलपी-१ हे प्रथिन सोडते. आमच्या खाचरात करपा पसरला की मला आधी हेच आठवतं.

गच्चीवाली, नेरुळ:
केवढं छान सांगितलंत! मग टरफलं घालत राहू ना? आणि काकडीवरच्या केवडा रोगाचं काय?

भातवाली, ठाणे:
मातीत खुशाल घाला. कायटिन खाणारे जीवाणू त्यावर वाढतात, ते चांगलंच. पण कच्चं कायटिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पानाला त्याची खबर लागत नाही. कायटिनवर प्रक्रिया करून बनवलेलं कायटोसान सौम्य आम्लात विरघळतं आणि फवारता येतं, पण ते डाग पडायच्या आधी. डागांवर ते औषध नव्हे.

केवड्याचं निराळं. तो आणणारा जीव खरी बुरशी नाही, ऊमायसीट आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्याच कुळातला. त्याच्या भित्तीत बीटा-ग्लुकान आणि सेल्युलोज, कायटिन जवळजवळ नाहीच. अशा जिवांना झाडं बीटा-ग्लुकानच्या तुकड्यांवरून ओळखतात. सोयाबीनला सात ग्लुकोजचा एक फांदीदार तुकडाही पुरतो.

म्हणून आधी पान उलटून बघा. वरून शिरांच्या मधोमध पिवळे कोनाकृती डाग आणि खाली करडी-जांभळट लव असेल तर केवडा. ती पानं काढून टाका, पाणी मुळाशीच घाला, वेलात वारा खेळू द्या. वरच्या बाजूला पांढरी पूड असेल तर भुरी, ती कायटिनवाली खरी बुरशी. दोन्ही बाजूंचा फोटो टाका, सांगते.