वेस्टर्न चित्रपट, एक जुनी कॅसेट आणि गोळ्या मोजण्याची वही

जुनी फीत (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात एक जुना खोका आवरताना माझ्या शाळकरी वयातली एक सी-९० कॅसेट आणि तिच्याबरोबर एक दोनशे पानी वही हाती लागली. कॅसेटवर ‘हाय नून’ या १९५२ सालच्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराखी-बंदूकधाऱ्यांच्या, चित्रपटाचा केवळ आवाज आहे. तो दूरचित्रवाणीवर लागणार असल्याचे कळल्यावर मी संचाच्या जाळीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसलो होतो. चित्रपट ८५ मिनिटांचा असल्यामुळे तो ९० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम मावला. बाजू उलटायला मला जी सात-आठ सेकंदे लागली, तेवढा भाग मात्र कायमचा हुकला. त्यानंतर कित्येक वर्षे मी तो चित्रपट पाहिला नाही, पण ऐकला मात्र पन्नासएक वेळा असेन. हळूहळू मूळ दृश्ये विसरली आणि त्यांच्या जागी माझी स्वतःची दृश्ये तयार झाली.

वहीचा नाद त्याच सुमाराचा. जो वेस्टर्न पाहायला मिळेल त्यात नायकाने पुन्हा काडतुसे न भरता किती गोळ्या झाडल्या, ते मी मोजून लिहीत असे, आणि आकडा सहाच्या वर गेला की त्या चित्रपटाच्या नावापुढे लाल फुली मारत असे. या वहीत नायकापेक्षा हिशेबनीस मोठा होता, हे आता वाचताना जाणवते.

परवा मी तोच चित्रपट स्वच्छ प्रतीत पुन्हा पाहिला. बारा वाजण्याच्या जरा आधी संगीत एका ठेक्यावर चढत जाते आणि आगगाडीच्या शिट्टीपाशी तुटते. कॅसेटवर हा भाग ऐकताना चित्रपटाचा नायक, म्हणजे गावचा कायदा राखणारा मार्शल, रस्त्यावरून एकटा चालत येत आहे, असेच मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पडद्यावर त्या वेळी कोणीच चालत नाही. घड्याळाचा लंबक आहे, रिकामी खुर्ची आहे, गप्प बसलेल्या लोकांचे चेहरे आहेत. दृश्य माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी सरस आहे हे मला मान्य आहे, तरीही काहीतरी हिरावून घेतल्यासारखे झाले.

म्हणून विचारतो. या चित्रपटांपायी आपणांस लागलेले जुने छंद कोणते, आणि त्यांतले आज काय उरले आहे? आपल्याला ओढ वाटते ती चित्रपटांची की त्यांच्या भोवती आपण जे उद्योग करत होतो त्यांची? दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. ही कॅसेट संगणकावर घ्यावी असे मनात आहे. तिच्यात शांततेच्या जागी गोळी सुटण्याच्या दोनेक सेकंद आधी त्याच गोळीची पुसट चाहूल ऐकू येते. लहानपणी मला हा दिग्दर्शकाचा चमत्कार वाटे. चित्रपटात मात्र तसे काही नाही. हे कशामुळे होत असावे?

दहा छिद्रे

आपला प्रश्न वाचून मला प्रथम वाटले ते असे, की आपण वेस्टर्न योग्य रीतीनेच अनुभवलात. निदान इटालियन दिग्दर्शकांनी काढलेले वेस्टर्न तरी डोळ्यांइतकेच कानांनी पाहायचे आहेत. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटाच्या सुरुवातीला तीन माणसे एका ओसाड स्थानकावर गाडीची वाट पाहतात, आणि कितीतरी वेळ संगीताचा एक स्वरही येत नाही. पवनचक्कीची करकर, हॅटवर टपटपणारे पाणी आणि एका माशीची गुणगुण, एवढ्यावर तो सगळा प्रसंग तोललेला आहे. एन्यो मोरिकोने यांनी त्या चित्रपटाचे संगीत चित्रीकरणाआधीच रचले होते आणि दिग्दर्शक सर्जिओ लिओने ते चित्रीकरणाच्या जागी वाजवून घेत असत, हे मला पुढे कळले. नट सुरांच्या चालीने का हलतात, हे कोडे तेव्हा सुटले.

माझा छंद याच चित्रपटातून आला. त्यातला नट चार्ल्स ब्रॉन्सन याच्या गळ्यात माउथ ऑर्गन पाहिला आणि मीही एक मिळवला, तो साधा, दहा छिद्रांचा. ती धून त्यावर बसेना. महिनाभर मी माझ्या फुप्फुसांना दोष देत राहिलो. खरा अडथळा असा होता की त्या धुनेतले एकमेकांना खेटलेले स्वर साध्या दहा छिद्रांच्या वाद्यात सरळ मिळतच नाहीत; ते ओठ-जिभेने स्वर वाकवून काढावे लागतात किंवा मग बाजूला कळ असलेला, सगळे अर्धस्वर देणारा माउथ ऑर्गन लागतो. स्वर वाकवायला शिकताना वाद्यातून जे केविलवाणे आवाज निघत, त्यांमुळे मला कित्येक संध्याकाळी गच्चीत हद्दपार व्हावे लागले. ती धून मला आजही पूर्ण येत नाही, पण माउथ ऑर्गन सुटलेला नाही. चित्रपट मात्र मी गेल्या दहा वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर यात आले असावे.

नकाशेवाला

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो. मला नकाशे काढण्याचा छंद होता आणि आजही आहे. वेस्टर्न पाहिला की त्यातली गावे, नद्या, घाट एका मोठ्या कागदावर मांडायचे, असा माझा शिरस्ता होता. या छंदाने चित्रपटांचा आनंद वाढवला आणि नासवलाही.

दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) ची कथा टेक्सासमध्ये सुरू होते, परंतु मागे उभे असलेले तांबूस सुळके आहेत मॉन्युमेंट व्हॅलीचे, म्हणजे अ‍ॅरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरचे. फोर्ड यांच्याच ‘स्टेजकोच’ (१९३९) मध्ये घोडागाडी दिवसभर धावते आणि पुन्हा त्याच सुळक्यांपाशी येते. माझ्या कागदावर हे सुळके चार ठिकाणी उगवले तेव्हा मी आधी स्वतःचेच मोजमाप खोडून पाहिले. इटालियन चित्रपटांनी तर माझी आणखी फजिती केली. त्यांतले वाळवंट मी अमेरिकेच्या नकाशावर दोन सुट्ट्या शोधत होतो, आणि ते निघाले स्पेनमध्ये, आल्मेरिया प्रांतात तबेर्नास येथे.

नकाशांवरून मी इतिहासाकडे वळलो आणि मग बरेच काही ढासळले. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात कायद्याचे रखवालदार आणि गुराख्यांची एक टोळी यांच्यात झालेली ती प्रसिद्ध चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झाली. ती सुमारे ३० सेकंदांत संपली, आणि जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या ओ. के. कोरल या घोड्यांच्या आवारात ती झालीच नाही, तर जवळच्या एका अरुंद मोकळ्या जागेत झाली. वादाचे एक कारण असे होते की त्या गावात शस्त्र बाळगून हिंडण्यास बंदी होती. पडद्यावरच्या गावांत मात्र शस्त्राशिवाय कोणी न्याहारीलाही जात नाही. जनावरांचे कळप शेकडो मैल हाकत नेण्याचा काळही अवघा दोनेक दशकांचा. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळे माळ हळूहळू कुंपणांत गेले. गुराखीही सगळे गोरे नव्हते. त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ होते, आणि ते कसब मुळात मेक्सिकोच्या गुराख्यांकडून आलेले होते.

मला सर्वांत टोचले ते निराळेच. मॉन्युमेंट व्हॅली ही नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची भूमी आहे. फोर्ड यांनी तिथल्याच माणसांना कधी अपाची, कधी कोमांची अशा दुसऱ्याच जमातींचे म्हणून उभे केले, आणि ‘द सर्चर्स’ मधल्या कोमांचींच्या तोंडी प्रत्यक्षात नवाहो भाषा आहे. सुळके चार ठिकाणी उगवल्याचे मला हसू आले होते. माणसांच्या बाबतीत तसे हसता आले नाही. तरीही मी हे चित्रपट पाहतो. ‘द सर्चर्स’ मध्ये दाराच्या अंधाऱ्या चौकटीतून दिसणारा तो उजेडातला माळ मला अजूनही खेचतो, आणि यात विसंगती असली तर ती मला मान्य आहे.

छंदाचे एक उदाहरण मात्र आपल्यासाठी आवर्जून सांगतो. १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ चा शेवट ज्या गोल दफनभूमीत घडतो, ती उत्तर स्पेनमध्ये बुर्गोसच्या परिसरात चित्रपटासाठी उभारली होती आणि तिच्यात सुमारे ५,००० खोट्या कबरी होत्या. पुढे ती माती आणि गवताखाली गेली. २०१५ पासून हौशी मंडळींनी सुट्टीच्या दिवशी कुदळी-फावडी घेऊन ती पुन्हा उघडी केली. खोट्या कबरी खऱ्या घामाने उकरणाऱ्या त्या लोकांना आपला प्रश्न विचारला, तर चित्रपट आणि छंद वेगळे कसे काढायचे हेच त्यांना कळणार नाही.

आणि आपल्या वहीविषयी एक सूचना आहे. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसे बसत असली, तरी धक्क्याने गोळी सुटू नये म्हणून पुष्कळ जण काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवून पाचच भरत. त्या हिशेबाने आपणांस बऱ्याच लाल फुल्या नव्याने माराव्या लागतील.

सुटलेला फास

नकाशेवाल्यांच्या विद्वत्तेपुढे माझा छंद किरकोळ आहे. मी दोन वर्षे दोरीचा फास फेकून खुर्ची पकडण्याचा सराव केला. खुर्ची जागची हलत नसूनही ती मला दहांतून तीन वेळाच सापडे, त्यामुळे पळत्या वासराच्या बाबतीत माझी पात्रता उघड आहे. फास डोक्यावर फिरवताना मनगट ढिले ठेवावे लागते, हे मला छतावरचा दिवा फुटल्यानंतर कळले. छंद तिथेच थांबला. दोरी अजून आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. पिस्तुलाच्या त्या भागालाही आपण घोडाच म्हणतो, त्यामुळे ‘त्याने घोडा ओढला’ असे कोणी सांगितले की मला प्रत्येक वेळी लगाम दिसतो.

चुंबकपट्टी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ती चाहूल दिग्दर्शकाची नाही, फितीची आहे. कॅसेटमध्ये फितीचे वेढे एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, आणि एखाद्या वेढ्यावर मोठा आवाज असला की त्याचे चुंबकत्व वर्षानुवर्षे पडून राहिल्याने शेजारच्या वेढ्यांवर थोडेसे उमटते. आधीच्या वेढ्यावर उमटलेला आवाज अर्थातच आधी ऐकू येतो. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि एका वेढ्याची लांबी साधारण ७ ते १६ सेंटिमीटर असते, म्हणजे हे अंतर साधारण दीड ते सव्वातीन सेकंदांचे येते. आपण सांगितलेले दोन सेकंद त्यात चपखल बसतात. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असल्यामुळे तिच्यात हा दोष अधिक जाणवतो.

कॅसेट लगेच वाजवू नका. आधी आतली स्पंजची किंवा नमद्याची चकती जागेवर आहे का ते पाहा. जुन्या कॅसेटमध्ये तिचा डिंक सुकून ती गळून पडते आणि मग आवाज दबका येतो. कवच चिकटवलेले असेल आणि फीत अडखळत असेल, तर ती स्क्रूच्या कवचात हलवणे उत्तम. त्यानंतर फीत दोन-तीन वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून घ्या. त्याने गुंते टळतात आणि ती चाहूलही थोडी कमी होते. वाजवताना आवाज बोथट वाटला, तर हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कल साधणारा बारीक स्क्रू केसभर फिरवून सर्वांत स्पष्ट जागा शोधा. त्या काळचा टेपरेकॉर्डर थोडा तिरका असेल, तर आजचा हेडही तितकाच तिरका करावा लागतो. संगणकावर घेतलेल्या मूळ प्रतीतला खरखराट काढून टाकू नका. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर करावी.

जुनी फीत

सर्वांचे मनापासून आभार. चकती खरोखरच गळून पडली होती. ती बदलली, फीत तीन वेळा गुंडाळली आणि काल रात्री दोन्ही बाजू संगणकावर घेतल्या. हेडचा स्क्रू पाव फेरा फिरवताच आवाजावरची घोंगडी उचलल्यासारखी झाली, आणि जे मी लहानपणी कधीच ऐकले नव्हते तेही ऐकू येऊ लागले. संचासमोर कोणीतरी खुर्ची ओढते. कोणीतरी ‘अजून संपला नाही का रे?’ असे विचारते, आणि त्याला उत्तर मिळत नाही.

शेवटच्या चकमकीत, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून, एक मूल दबक्या आवाजात गोळ्या मोजत आहे. गोळ्या दोन्ही बाजूंनी सुटत असल्यामुळे कोणती कोणाची हे त्याला कळत नसावे. ते नऊपर्यंत जाते, थांबते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करते. वहीत त्या चित्रपटापुढचा रकाना कोरा आहे.